पुंस्त्वपरीक्षा : पाथरी, कल्याणी व अहमदनगर

पाथरी (हल्लीं परभणी जिल्हा) हें गोदावरीच्या उत्तरेस वसलेलें जुनें ठाणें इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे, तें मुख्यतः फिरिश्त्याच्या एका हकीकतीमुळें. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन हा जन्मानें ब्राह्मण. त्याचें मूळ नांव तिमापा व बापाचें भैरव. अहमदशहा बहमनीच्या विजयानगरवरील मोहिमेंत तो लहानपणीं कैद झाला आणि बादशाही गुलामांत वाढला, असें फिरिश्ता सांगतो. या घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते. पुढें मलिक हसनाचा नातू बुऱ्हाण निजामशहा गादीवर आल्यावर आपल्या वाडवडिलांचा गांव आपल्या हातीं असावा अशी इच्छा त्याच्या दरबारानें धरली. पाथरी त्या वेळीं वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. तिच्या मोबदल्यांत दुसरा मुलूख घ्यावा असें सांगून पाहिलें; तें न जमल्यावर इ.स. १५१८ त स्वारी करून गांव घेतला. १५२७ च्या सुमारास तो पुन्हा हातचा गेला व पुन्हा घेतला गेला. तीन पिढ्यांपूर्वीं धर्म सुटला, जात सुटली, नांव बदललें. परंतु वंशाचें मूळ ज्या गांवीं रुजलें होतें त्या गांवाची ओढ सुटली नाहीं.

वंश आणि वतन यांची ही सांगड आपल्या सर्व जुन्या दप्तरांच्या मुळाशीं आहे. वतनाचे तंटे, दत्तकपत्रें, वांटणीपत्रें, महजर यांचा मोठा भाग ‘पोटीं संतान नाहीं’ या तीन शब्दांपासून सुरू होतो. इ.स. १८४८ त सातारचें व १८५४ त नागपूरचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें, त्याचेंही निमित्त औरस पुत्राचा अभाव व दत्तक नामंजूर करणें हेंच होतें. असें असतां, संतान नाहीं तर दोष कोणाचा, हा प्रश्न आमच्या इतिहासलेखकांनीं सहसा विचारलेला नाहीं. व्यवहारांत त्याचें उत्तर आधींच ठरलेलें असे. मनूनें वंध्या स्त्री असल्यास आठव्या वर्षीं दुसरी करण्यास मुभा दिली. बौधायनानें दहा वर्षें वाट पाहण्यास सांगितलें. आठ असोत कीं दहा, हीं वर्षें मोजावयाचीं तीं स्त्रीचीं. पुरुषानें दुसरी केली, तिसरी केली, आणि तरीही पाळणा हलला नाहीं, तर मग ग्रहांची शांति, नागबली, व्रतें आणि नवस.

प्रस्तुत लेखाचा हेतु इतकाच दाखविण्याचा आहे कीं, शास्त्र व्यवहाराइतकें एकांगी नव्हतें. पुरुषाच्या बीजाची परीक्षा करावी, ती कशी करावी, दोष आढळल्यास कोणता साध्य व कोणता असाध्य, आणि त्याचा परिणाम विवाहावर व वांटणीवर काय व्हावा, हें सर्व पाथरीच्या आसमंतांत तीन निरनिराळ्या परंपरांनीं लिहून ठेविलें आहे. त्यांपैकीं दोन परंपरांची परीक्षा एकच असून निकाल मात्र परस्परविरुद्ध आहेत. ही गोष्ट हस्तलिखितांच्या अभ्यासकांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे. कारण अशा ठिकाणीं एका नकाराच्या फरकानें सगळा अर्थ फिरतो, आणि लेखकूनें ‘दुरुस्त’ केलेली प्रत ओळखणें कठीण जातें.

प्रथम धर्मशास्त्र. पाथरीच्या दक्षिणेस असलेल्या कल्याणीस (हल्लींचें बसवकल्याण) सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या कारकीर्दींत, म्हणजे इ.स. १०७६ ते ११२६ या दरम्यान, विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. बंगालच्या बाहेर बहुतेक हिंदुस्थानांत पुढें आठ शतकें जिचा अंमल चालला ती ही टीका. याज्ञवल्क्यानें आचाराध्यायांत वराचे गुण सांगतांना तो सवर्ण, श्रोत्रिय, तरुण, बुद्धिमान, लोकप्रिय असावा असें म्हटलें आहे, आणि त्यांतच त्याच्या पुंस्त्वाची यत्नपूर्वक परीक्षा झालेली असावी असेंही म्हटलें आहे. हा ‘यत्नपूर्वक’ शब्द विज्ञानेश्वरानें नुसता सोडून दिला नाहीं. परीक्षा करावयाची म्हणजे काय, या शंकेचें उत्तर म्हणून तो नारदाचें वचन पुढें करतो : ज्याचें बीज पाण्यावर तरतें, व ज्याचें मूत्र आवाज करणारें आणि फेंसाळ असतें, तो पुरुष; याच्या उलट लक्षणें ज्याचीं, तो षंढ.

आजच्या वाचकास या परीक्षेचें हंसूं येईल. परंतु हंसण्यापूर्वीं एवढें पाहावें कीं, मुलगी दाखविण्याच्या विधींत वधूच्या दांतांपासून चालीपर्यंत सर्व न्याहाळणाऱ्या समाजाच्या मुख्य कायदेग्रंथांत वराच्या बाबतींत अशी परीक्षा सांगितली होती, आणि ती लग्नापूर्वीं करावयाची होती.

नारद याच्याही पुढें जातो. त्यानें षंढांचे चौदा प्रकार सांगितले आहेत. जन्मतःच तसा असलेला, खच्ची केलेला, पंधरवड्यापुरता असमर्थ, गुरूच्या शापानें, रोगानें किंवा देवाच्या कोपानें झालेला, दुसऱ्यास पाहूनच उत्तेजित होणारा, स्त्रीपुढें लाजेनें गळणारा, परस्त्रीशींच समर्थ असणारा, अशी ती यादी आहे. शापाचें व कोपाचें कारण सोडलें, तर तींत मनुष्यस्वभावाचें निरीक्षण बरेंच सूक्ष्म आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीनें मात्र या यादींतील एक नांव सर्वांत महत्त्वाचें : ‘मोघबीज’. हा पुरुष असमर्थ नव्हे. पतीचें कर्म तो करतो. त्याचें बीज तेवढें निष्फळ. म्हणजे क्लैब्य व बीजदोष या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें नारदास पक्कें ठाऊक होतें. अशा पतीशीं संबंध झालेला असला तरीही ठराविक काळ वाट पाहून स्त्रीस दुसरा पति मिळावा, असें तो स्पष्ट सांगतो. आणि त्याचें कारणही देतो, कीं क्षेत्र बीजवानास द्यावें, ज्याच्याजवळ बीज नाहीं तो क्षेत्रास पात्र नाहीं. स्त्रीस क्षेत्र म्हणणें आज कोणास रुचणार नाहीं. तरी या उपमेचा रोख या ठिकाणीं पुरुषाविरुद्ध आहे, हें विसरतां कामा नये.

येथें एक तुलना करावीशी वाटते. इ.स. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत पतीच्या असमर्थतेमुळें शरीरसंबंधच झाला नसेल तर विवाह रद्द होऊं शकतो. केवळ वंध्यत्व हें कारण त्यांत नाहीं. नारदाचा मोघबीजाविषयींचा नियम या बाबतींत आधुनिक कायद्याच्याही पलीकडचा आहे. अर्थात् तो कागदावर राहिला. स्त्रीचा पुनर्विवाह निबंधकारांनीं कलिवर्ज्यांत टाकला, आणि नारदाचा तो सगळा भाग निद्रिस्त झाला. एकोणिसाव्या शतकांत विद्यासागरांनीं व आपल्याकडे विष्णुशास्त्री पंडितांनीं विधवाविवाहाचा वाद मांडला, तेव्हां पराशराच्या ज्या वचनावर सारा भर होता त्यांत पति क्लीब असल्यास स्त्रीस दुसरा पति सांगितला आहे. पण चर्चा झाली ती ‘मृत’ या शब्दाची. ‘क्लीब’ शब्दाकडे दोन्ही पक्षांनीं पाहून न पाहिल्यासारखें केलें.

दायभागाच्या प्रकरणांत मात्र हा शब्द निद्रिस्त राहिला नाहीं. याज्ञवल्क्यानें क्लीब, पतित, पंगु, उन्मत्त, जड, अंध, अचिकित्स्य रोगी इत्यादींना वांट्यास अपात्र ठरविलें; त्यांचें भरणपोषण करावें एवढेंच. त्यावर विज्ञानेश्वरानें दोन गोष्टी जोडल्या आहेत. क्लीबाचा क्षेत्रज पुत्र निर्दोष असेल तर त्यास वांटा आहे. आणि, ही गोष्ट फार मोलाची आहे, वांटणी होऊन गेल्यावरही औषधादि उपायांनीं दोष गेला, तर त्या पुरुषास त्याचा वांटा मिळालाच पाहिजे. वांटणीनंतर जन्मलेल्या पुत्रास जसा भाग काढून देतात, तसा. म्हणजे वैद्याच्या औषधास येथें जमिनीची किंमत आली. भाऊबंदांनीं एखाद्यास ‘क्लीब’ म्हणून वतनाबाहेर ठेवावें आणि त्यानें औषध घेऊन बरें झाल्याचें दाखवावें, असा प्रसंग शास्त्रकाराच्या डोळ्यांसमोर आहे. दोष साध्य कीं असाध्य, हा वैद्यकांतला प्रश्न यामुळें न्यायसभेंतलाही झाला. ब्रिटिश हिंदुस्थानांत १९२८ च्या कायद्यानें ही अपात्रता बहुतांशीं दूर केली. पाथरी तेव्हां हैदराबादच्या निजामाच्या राज्यांत असल्यामुळें तो कायदा तेथें आपोआप लागू नव्हता. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें प्रश्न सर्वत्र कायमचा मिटला.

आतां वैद्यक. देवगिरीच्या यादवांच्या राज्यांत, म्हणजे पाथरी ज्या मुलुखांत मोडत होती त्यांतच, तेराव्या शतकांत वैद्यकाचें अध्ययन किती जोरांत होतें याची साक्ष तीन नांवें देतात. सिंघणाच्या दरबारीं (इ.स. १२१० ते १२४७) असलेला शार्ङ्गदेव हा संगीतरत्नाकराचा कर्ता म्हणून सर्वांस ठाऊक आहे; पण नाद शरीरांतून उत्पन्न होतो म्हणून त्यानें ग्रंथाच्या आरंभींच पिंडोत्पत्तिप्रकरण घातलें आहे, आणि शुक्र, शोणित, गर्भाची मासानुमासिक वाढ हें सर्व तेथें आलें आहे. गाणाऱ्याच्या ग्रंथांत गर्भशास्त्र शोधावयास कोण जाणार? म्हणून हा उतारा वैद्यकाच्या अभ्यासकांच्या नजरेंतून सुटतो. दुसरा बोपदेव, हा वैद्य केशवाचा पुत्र, व्याकरणकार म्हणून प्रसिद्ध, परंतु शतश्लोकी व हृदयदीपक हे त्याचे ग्रंथ वैद्यकाचेच. तिसरा हेमाद्रि. महादेव व रामचंद्र यांचा हा श्रीकरणाधिप एका हातानें चतुर्वर्गचिंतामणीच्या व्रतखंडांत पुत्रप्राप्तीचीं व्रतें संकलित करीत होता, आणि दुसऱ्या हातानें वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन नांवाची टीका लिहीत होता. व्रत आणि औषध यांचा त्यास विरोध वाटला नाहीं. आजही अनेक घरांत तो वाटत नाहीं.

या पंडितांपुढें जी शास्त्रसामग्री होती, तींत पुरुषदोषाचा विचार तीन ठिकाणीं विखुरलेला आहे, आणि तो नीट न पाहिल्यामुळें बराच घोटाळा होतो. पहिलें ठिकाण वाजीकरण. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं हें एक, आणि सामान्य लोकांस तेवढेंच ठाऊक. येथें निरोगी पुरुषाचें बल व संतति वाढविण्याचे प्रयोग आहेत : उडीद, दूध, तूप, खाजकुयलीचें बीं, शतावरी, अश्वगंधा, बोकडाचें वृषण दुधांत शिजवून. दुसरें ठिकाण क्लैब्य. सुश्रुतानें त्याचे सहा प्रकार केले व त्यांत पहिला मानस धरला. नावडत्या स्त्रीशीं गांठ पडली असतां मन विटतें व शरीर साथ देत नाहीं, असें कारण दिलें. जन्मजात व मर्मच्छेदानें झालेलें क्लैब्य असाध्य. चरकसंहितेंत चारच प्रकार : बीजोपघातानें, ध्वजभंगानें, जरेनें व शुक्रक्षयानें झालेलें. पैकीं ध्वजभंगाचें वर्णन वाचतांना, सूज, व्रण, स्राव हीं लक्षणें पाहून, हा नुसता दुबळेपणा नसून इंद्रियाचा संसर्गज रोग असावा अशी शंका येते.

तिसरें ठिकाण सर्वांत महत्त्वाचें, तें शुक्रदोष. सुश्रुतानें शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत, ज्यास शुक्रशोणितशुद्धि असेंच नांव आहे, आठ दोष सांगितले : वात, पित्त व कफ यांनीं दूषित, कुणपगंधी, गांठी झालेलें, पुवासारखें दुर्गंधि, क्षीण, आणि मलमूत्राचा गंध असलेलें. पहिले तीन साध्य, पुढील चार कष्टसाध्य, शेवटचा असाध्य. शुद्ध शुक्र स्फटिकासारखें, पातळ, स्निग्ध, मधुर व मधाच्या गंधाचें असावें. उपायही दोषागणिक भिन्न आहेत. कुणपगंधी असेल तर धायटीचीं फुलें, खैर, डाळिंब व अर्जुन यांनीं सिद्ध केलेलें तूप. गांठी असतील तर पळसाच्या क्षारानें सिद्ध केलेलें. पुवासारखें असेल तर फालसा व वड यांच्या वर्गाचें. वाग्भटानें हाच क्रम शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायांत थोडक्यांत घेतला आहे. रंग, गंध, घट्टपणा, पू, प्रमाण या ज्या गोष्टी त्यानें पाहिल्या, त्याच आजही प्रयोगशाळेंतील तपासणीच्या आरंभीं पाहतात. पू दिसणें म्हणजे जंतुसंसर्ग, हें त्यास ठाऊक नव्हतें. पू दिसतो व त्यामुळें गर्भ राहत नाहीं, हें ठाऊक होतें.

चरकसंहितेंत हा विषय चिकित्सास्थानाच्या तिसाव्या म्हणजे शेवटच्या अध्यायांत, योनिव्यापदांच्या पाठोपाठ, आला आहे. हा भाग दृढबलानें पुरा केलेला आहे. पुरुषाचा दोष स्त्रीरोगांच्या अध्यायाच्या शेपटास बांधलेला असल्यामुळें, स्त्रीरोग संपले कीं नकलकारानें तेथेंच हात आखडता घ्यावा, असा मोह होण्यासारखी ती जागा आहे. योनिव्यापदांची पोथी हातीं आली तर तिचीं शेवटचीं पानें आहेत कीं नाहींत, हें संग्राहकांनीं आवर्जून पाहावें.

या अध्यायांतही आठच दोष आहेत. परंतु यादी निराळी : फेनिल, तनु, रूक्ष, विवर्ण, पूति, पिच्छिल, अन्य धातूंनीं मिश्रित, आणि आठवें ‘अवसादि’. वेग रोधल्यामुळें वायूनें मार्गांत अडविलेलें, गांठाळलेलें व कष्टानें बाहेर येणारें तें अवसादि, असें त्याचें वर्णन आहे. शब्दाचा अर्थ घेतला तर अवसादि म्हणजे खालीं बसणारें, तळास जाणारें. येथें मिताक्षरेंतील परीक्षा आठवावी. तेथें तरणारें बीज हें पुरुषाचें लक्षण. येथें बसणारें बीज हा दोष. एक ग्रंथ धर्माचा, दुसरा वैद्यकाचा. पण दोहोंचा रोख एकाच बाजूस आहे. माझ्या मतें नारदाची परीक्षा ही कोणा स्मृतिकाराची लहर नसून वैद्यांच्या परिपाठांतून उचललेली असावी. नारदाच्या वचनांतील ‘फेनिल’ आणि चरकाच्या यादींतील ‘फेनिल’ यांची मात्र गल्लत होऊं देऊं नये. पहिलें मूत्राचें विशेषण आहे व गुण आहे. दुसरें शुक्राचें आहे व दोष आहे. एका शब्दावरून दोन्ही ग्रंथ परस्परविरोधी ठरविण्याची घाई कोणी केल्यास ती फुकट जाईल.

खरा विरोध निराळ्याच ठिकाणीं आहे, आणि त्यासाठीं पुन्हा पाथरीच्या त्या वंशजाकडे, बुऱ्हाण निजामशहाकडे, वळलें पाहिजे. १५५३ पर्यंत राज्य करणाऱ्या या सुलतानाच्या पदरीं रुस्तम जुरजानी नांवाचा हकीम होता; त्यानें फारशींत जखीरा-इ-निजामशाही हा वैद्यकग्रंथ त्याच्या नांवानें रचला. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता हाही बुऱ्हाणाकडे चिकित्सेसाठीं येत असे, आणि १५६३ त गोव्यास छापलेल्या त्याच्या संवादग्रंथांत ‘निजामोशा’चा उल्लेख वारंवार येतो. अशा रीतीनें कुलकर्ण्याच्या वंशांत, गोदावरीच्या खोऱ्यांत, यूनानी वैद्यक राजाश्रयानें नांदूं लागलें.

यूनानी वैद्यकाचा आधारस्तंभ म्हणजे इब्न सीनाचा (मृत्यु इ.स. १०३७) कानून. त्याच्या तिसऱ्या खंडांत वंध्यत्वाचा विचार आहे, आणि दोष पतीचा कीं पत्नीचा हें ओळखण्याच्या कांहीं परीक्षा पूर्वींच्या लोकांच्या म्हणून दिल्या आहेत. दोघांचें मूत्र निरनिराळ्या सालीटच्या रोपांच्या मुळांशीं ओतावें; ज्याच्या मूत्रानें रोप सुकेल त्याचा दोष. किंवा गहूं, जव व बाकला यांचे सात सात दाणे मातीच्या भांड्यांत घालून त्यांवर मूत्र करावें व सात दिवस ठेवावें. अंकुर फुटले तर त्याचेकडे दोष नाहीं. धान्यावर मूत्र ओतून अंकुर पाहण्याची कल्पना फार जुनी आहे. मिसर देशाच्या प्राचीन वैद्यकपत्रांत गर्भ राहिला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ती आढळते. आणि तिसरी परीक्षा : दोघांचें बीज पाण्यांत टाकावें; ज्याचें पाण्यावर तरंगेल, त्याच्याकडे उणीव.

म्हणजे अगदीं उलट! कल्याणीस तरणारें बीज हें पौरुषाचें प्रमाण. बुखाऱ्याच्या हकीमाच्या ग्रंथांत तेंच वैगुण्याचें. पाथरीच्या परगण्यांतील एकाच मनुष्यास वैद्यबुवांनीं पुरुष म्हणावें आणि हकीमसाहेबांनीं सदोष ठरवावें, असा हा प्रकार आहे. कारणही दिसतें. यूनानी मतांत घट्टपणा व भार हें परिपक्वतेचें चिन्ह. हलकें तें कच्चें. आयुर्वेदाच्या दृष्टीनें गांठाळलेलें व अडकणारें तें वायूनें बिघडलेलें. दोघांनीं पाणी एकच घेतलें, पण पाहण्याआधींच सिद्धांत ठरलेला होता.

या दोन परंपरांचा सांधा जोडण्याचा प्रयत्न ज्यानें केला तो पुरुष, योगायोगानें, फिरिश्ताच होय. आपण त्यास इतिहासकार म्हणूनच ओळखतों. परंतु त्यानें दस्तूरुल्अतिब्बा (दुसरें नांव इख्तियारात-इ-कासिमी) हा ग्रंथ लिहून हिंदूंचें वैद्यक फारशी वाचकांस समजावून दिलें. बालपण अहमदनगरास, उत्तरायुष्य विजापुरास. पाथरीच्या कुलकर्ण्यांची कुळकथा लिहिणारा हा गृहस्थ चरक-सुश्रुतांच्या मतांचाही जाणता होता. त्याच्या या ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती आहेत. मराठींत त्याचा कोणी सविस्तर परिचय करून दिल्यास उपकार होतील.

ओर्ताचें एक निरीक्षण येथें नोंदविण्यासारखें आहे. अफू हें कामवर्धक आहे, या समजुतीनें ती सर्रास घेतात, असें त्यानें पाहिलें. वैद्यांचें मत याच्या उलट असून अफूनें पुरुष असमर्थ होतो, हें त्यास ठाऊक होतें. मग लोक घेतात कां? तर तिच्यामुळें क्रिया मंदावते व लांबते, म्हणून. हें निदान बरोबर आहे. अफूचें नित्य सेवन वृषणांच्या कार्यास मारक ठरतें, हें आतां पूर्णपणें सिद्ध झालें आहे. वाजीकरणाच्या अनेक प्रयोगांत अफू, पारा व सोमल हीं द्रव्यें सांपडतात; म्हणजे वंध्यत्व घालविण्यासाठीं घेतलेलें औषधच पुष्कळदां तें वाढवीत असलें पाहिजे. जुन्या बाडांतील असले प्रयोग हौसेनें करून पाहणारे संग्राहक अद्यापि भेटतात, म्हणून हें स्पष्ट लिहिलें.

तरणें आणि बुडणें या वादाचा निकाल पुढें तिसऱ्याच कोणीं लावला. हॉलंडच्या डेल्फ्ट शहरीं ल्यूवेनहूक या कापडव्यापाऱ्यानें, हाम नांवाच्या विद्यार्थ्यानें लक्ष वेधल्यावरून, १६७७ त आपल्या भिंगाखालीं शुक्रांत पोहणारे असंख्य जंतु पाहिले व लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलें. त्या वेळीं रायगडावर शिवछत्रपति राज्य करीत होते. या जंतूंची संख्या, गति व आकार यांवर सारें अवलंबून आहे; शुक्र पाण्यावर तरंगतें कीं बुडतें यावरून त्यांतील एकही गोष्ट कळत नाहीं. ताजें शुक्र गोठल्यासारखें असतें व साधारणतः अर्ध्या तासांत, फार तर तासाभरांत, पातळ होतें. तेव्हां परीक्षा केव्हां केली यावरच तिचा निकाल फिरला असेल. तसें न होतां तें गांठाळलेलेंच राहणें हा मात्र आजही दोष समजतात, आणि तेवढ्यापुरतें चरकाचें ‘अवसादि’ व सुश्रुताचें ‘ग्रंथिभूत’ हें निरीक्षण खरें ठरतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेंत अपत्यवान् पुरुषांच्या पाहणीवरून एका मिलिलिटरांत १ कोटि ६० लक्ष जंतु ही खालची मर्यादा दिली आहे. १९९२ पासून, ब्रुसेल्स येथील वैद्यांच्या प्रयत्नानें, एकच जंतु सुईनें स्त्रीबीजांत सोडून गर्भ धरण्याची रीत निघाली. नारदाचा मोघबीज, ज्याच्या पत्नीस त्यानें दुसरा पति पाहण्यास सांगितलें, त्यांतला पुष्कळसा वर्ग आतां स्वतःच पिता होऊं शकतो.

बोकडाच्या वृषणाची गोष्टही येथेंच सांगून टाकावी. १८८९ त ब्राउन-सेकार या नामांकित शरीरशास्त्रज्ञानें जनावरांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोंचून घेऊन तारुण्य आल्याचें पारिसांत जाहीर केलें होतें. त्या अर्कांत कार्यकारी द्रव्य जवळजवळ नव्हतें. तें शुद्ध रूपांत निघालें १९३५ त. सुश्रुतास हंसणाऱ्यांनीं सेकारासही हंसावें, किंवा दोघांच्याही तर्कांतली दिशा मान्य करावी. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा नांवाचें कार्यकारी द्रव्य आहे, हेंही आतां निश्चित झालें आहे. तेव्हां सगळीच यादी टाकाऊ नव्हे.

आतां मूळ मुद्द्याकडे. परीक्षा चुकीची होती, हें खरें. पण ती परीक्षा पुरुषाची होती, आणि ती सांगणारे ग्रंथ आमच्याच मुलुखांत आठशें वर्षें पठनपाठनांत होते. तरीही दुसरी बायको करण्यापूर्वीं पतीची परीक्षा झाली पाहिजे, असा नियम कोणाही निबंधकारानें बांधला नाहीं. विज्ञानेश्वरानें परीक्षा ठेविली ती लग्नापूर्वीं; लग्न झालें, आठ वर्षें गेलीं, आणि मग तिचें स्मरण कोणास राहिलें नाहीं. इब्न सीनाच्या परीक्षेंत निदान दोघांचेंही बीज एका पाण्यांत पडत होतें. आजच्या वैद्यांच्या अनुभवास येणारी गोष्ट ही कीं, अपत्यहीन जोडप्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांत पुरुषाचा दोष एकट्यानें किंवा स्त्रीदोषासह सांपडतो. मग जुन्या कागदांत ‘वांझ’ म्हणून ज्यांची नोंद झाली त्या बायकांपैकीं किती निर्दोष होत्या, हें सांगण्यास दुसरें कांहीं साधन नको. मृतांची नाडी पाहणें हें इतिहासाचें काम नव्हे, आणि कोणा राजपुरुषाचें नांव घेऊन त्याच्यावर दोष ठेवणें तर मुळींच नव्हे. परंतु वंशावळी तयार करतांना ‘निपुत्रिक’ पुरुषाच्या दोन, तीन बायका झाल्या व सर्वच अपत्यहीन राहिल्या, असें दिसल्यास तेवढी नोंद स्वच्छ शब्दांत करावी. अशा ठिकाणीं बायकांचीं नांवें गाळण्याचा जो प्रघात आहे, तो सोडावा.

हस्तलिखितांच्या बाबतींत दोन विनंत्या आहेत. वैद्यकाच्या बाडांतील वाजीकरणाचीं व शुक्रदोषाचीं पानें अश्लील समजून काढून टाकण्याची किंवा सूचींत ‘किरकोळ औषधें’ म्हणून दडपण्याची चाल आहे. तीं पानें ठेवावीं, आणि सूचींत वाजीकरण, क्लैब्य व शुक्रदोष हे तीन विषय निरनिराळे लिहावे. कारण पहिल्याचे प्रयोग सर्वत्र सांपडतात, तिसऱ्याचे विरळा. आणि हेमाद्रीचें आयुर्वेदरसायन छापलें गेलें आहे, तें संपूर्ण नाहीं. निर्णयसागरच्या आवृत्तींत सूत्रस्थानावरील टीका पुरी आहे, पण सर्व स्थानांवर ती मिळालेली नाहीं. शुक्रदोषाचा अध्याय शारीरस्थानांत, व वाजीकरण उत्तरस्थानाच्या चाळिसाव्या, म्हणजे अखेरच्या, अध्यायांत आहे. ही टीका ज्या राज्यांत रचली गेली त्याच्याच पोटांत पाथरी, मानवत, सेलू, सोनपेठ हीं गांवें येतात. तेथील जुन्या वैद्यघराण्यांच्या पोथ्यांत अष्टांगहृदयाचें पान हातीं आलें, तर मूळ श्लोकाभोंवतीं बारीक अक्षरांत टीका आहे काय, आणि असल्यास ती अरुणदत्ताची सर्वांगसुंदरा कीं हेमाद्रीची, एवढें तरी ताडून पाहिल्यावांचून तें पान बाजूस ठेवूं नये.